रुमालावर भरवसा आणि हाल्डेनसाहेब

मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. एस.ई.ची परीक्षा नुकतीच संपली होती. घरी बसून करायचं काय, म्हणून आम्ही चौघं मित्र एमआयडीसीतल्या एका कारखान्यात महिनाभर ट्रेनिंगला जायला लागलो. कारखान्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. सकाळी आकुर्डीच्या खंडोबा माळ चौकात वडापाव हाणायचा, आठच्या ठोक्याला गेटवर सही करायची आणि दिवसभर शॉपमध्ये 'हे काय, ते काय' विचारत हिंडायचं, असा आमचा नेम होता.

तिसऱ्या आठवड्यात आमची पाठवणी ईटीपीवर झाली. ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करण्याचा प्लांट. तिथं एक दहा-बारा फूट खोल टाकी होती. पंप बंद पडला होता आणि तळाला गाळ साचला होता. ठेकेदाराचा एक पोरगा, साधारण आमच्याच वयाचा, तोंडाला टॉवेल गुंडाळून लोखंडी शिडीवरून खाली उतरला. मिनिटभर बादलीचा आवाज आला. मग धप्प! वाकून बघतो तर तो गाळात आडवा.

खरं सांगतो, मी विचार वगैरे काही केला नाही. बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं, रुमाल नाकाला बांधला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा पट्टा धरून मला असं काही ओढलं, की मी पाठीवरच आपटलो. ईटीपीवरचे ऑपरेटर काका होते. काकांनी मला एक सणसणीत शिवी घातली, एकाला फोनकडे पळवलं आणि दोघांना मॅन-कूलर ओढत आणायला लावून त्याचं तोंड टाकीकडे वळवलं. आणि स्वतः शिडीसमोर हात पसरून उभे राहिले, कुणालाही खाली जाऊ देईनात. शेजारच्या मोठ्या कंपनीचं फायर पथक आठ-दहा मिनिटांत आलं. पाठीवर सिलेंडर, तोंडाला काचेचा मुखवटा, कमरेला दोर. दोघं उतरले आणि पोराला वर काढलं. त्याचं नशीब बलवत्तर. सहा दिवस दवाखान्यात काढून तो घरी गेला.

नंतर चहा पिताना काकांनी सांगितलं, की वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात त्यांनी अशाच खड्ड्यात तीन माणसं एकामागोमाग जाताना पाहिली होती. पहिला कामासाठी उतरला होता आणि बाकीचे दोघं त्याला वाचवायला. काका दहावीपर्यंत शिकलेले. मला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ६८ मार्क आहेत. पण हवेपेक्षा जड वायू खड्ड्याच्या तळाशी साचून राहतो आणि ओला रुमाल त्याला अडवत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. ही लाज मनातून जाईना.

मग जून महिन्यात लायब्ररीत बसून शोध घेतला. पाठीवरचं ते सिलेंडर, तो मुखवटा, ते रबरी सूट हे सगळं सुचलं कुणाला? एका माणसाचं काम हे नक्कीच नाही. पण शोधता शोधता एकच नाव सारखं पुढं येत राहिलं : जॉन स्कॉट हाल्डेन. आज त्यांचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

जॉन हाल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. घराणं जुनं, जमीनजुमला असलेलं. थोरले भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. जॉनना मात्र राजकारणात रस नव्हता. १८८४ साली ते एडिंबऱ्याहून डॉक्टर झाले. आता चारचौघांसारखा दवाखाना थाटायचा, गाडी-घोडा घ्यायचा आणि सुखात राहायचं, एवढंच बाकी होतं. पण या माणसानं आयुष्यभर प्रॅक्टिस अशी केलीच नाही. माणूस श्वासावाटे काय आत घेतो आणि त्याचं शरीरात पुढे काय होतं, या एकाच प्रश्नाच्या मागे ते लागले आणि मरेपर्यंत लागून राहिले.

सुरुवात कुठून झाली असेल? गटारातून! डंडी शहरात थॉमस कार्नेली या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी गरिबांच्या कोंदट खोल्या, शाळा आणि गटारं यांतल्या हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. लंडनमध्ये थेट पार्लमेंटच्या खालच्या गटारातही ते उतरले. त्या काळी लोकांची समजूत अशी, की गटाराच्या वासानंच रोगराई पसरते. मोजमाप केल्यावर दिसलं, की वाहत्या आणि हवेशीर गटारातली हवा लोकांना वाटते तेवढी वाईट नसते. मात्र साचलेल्या घाणीची गोष्ट निराळी. १८८७ साली ते ऑक्सफर्डला आपले काका प्राध्यापक बर्डन-सँडरसन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथून पुढे ऑक्सफर्ड हेच त्यांचं गाव झालं.

१८९५ साली लंडनजवळच्या ईस्ट हॅम इथं सांडपाण्याच्या विहिरीत एक कामगार उतरला आणि कोसळला. त्याला काढायला दुसरा गेला, दुसऱ्याला काढायला तिसरा. असं करत करत पाच माणसं गेली. चौकशीचं काम हाल्डेन यांच्याकडे आलं. त्यांनी तिथल्या सांडपाण्यातून निघणारा वायू तपासला आणि निदान केलं : हायड्रोजन सल्फाइड. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कारण ईस्ट हॅमची विहीर आणि आमची टाकी यांत सव्वाशे वर्षांचं अंतर आहे, पण गोष्ट अक्षरशः तीच!

या वायूचा कावेबाजपणा बघा. थोडा असला, की सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणजे निदान इशारा तरी मिळतो. पण हवेत त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे वायू गेला. प्रमाण हजाराच्या घरात असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हवेपेक्षा तो जड, त्यामुळे गाळ ढवळला की सुटतो आणि तळाशीच घोटाळत राहतो. वाचवायला जाणारा वाकतो, जोरजोरात श्वास घेतो आणि पहिल्याच्याच वाटेनं जातो.

यानंतर हाल्डेन वळले कोळशाच्या खाणींकडे. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन इथल्या खाणीत मोठा स्फोट झाला आणि ५७ माणसं मेली. सगळ्यांना वाटलं, स्फोटाच्या दणक्यानं आणि आगीनं मेली असणार. हाल्डेन यांनी मृतदेह तपासले, तेव्हा बहुतेकांच्या रक्ताचा आणि कातडीचा रंग गुलाबी-लाल होता. ही खूण कार्बन मोनॉक्साइडची. म्हणजे दणक्यानं मेले ते थोडे. बाकीचे स्फोटातून वाचले होते, पण स्फोटानंतर पसरलेल्या वायूनं त्यांना गाठलं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला ना रंग, ना वास.

आता हे निदान पक्कं करायचं कसं? हाल्डेन यांनी प्रयोगाला माणूस निवडला तो स्वतःच. १८९५ मध्येच त्यांनी प्रयोगशाळेत बसून कार्बन मोनॉक्साइड हुंगला होता. दर काही मिनिटांनी बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, रंग ताडून बघायचा, वहीत लिहायचं आणि पुन्हा हुंगायचं. एका प्रयोगात त्यांच्या रक्तातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन या वायूनं अडवलं होतं. डोळ्यांना नीट दिसेना, पाय लटपटू लागले, अक्षर वेडंवाकडं व्हायला लागलं, तेव्हा ते थांबले. आपल्याकडे व्हायवाला जाताना पाय लटपटतात, त्याची इथं आठवण काढू नये हे बरं!

याच प्रयोगांतून पुढे खाणीतल्या कॅनरी पक्ष्याची युक्ती आली. लहान प्राण्याचा श्वास भरभर चालतो, त्यामुळे विष त्याला माणसाच्या आधी चढतं. पिंजऱ्यातला उंदीर किंवा पक्षी कलंडला, की माणसांनी मागं फिरायचं, तेवढाच वेळ हातात असतो. हाल्डेन यांची ही सूचना खाणवाल्यांनी उचलली. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी निवृत्त झाल्या त्या थेट १९८६ साली, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर आल्यावर. आज आपण गॅस डिटेक्टर दोरीला बांधून टाकीत सोडतो, तो या कॅनरीचाच नातू म्हणायचा.

आपल्या मुलालाही ते खाणीत घेऊन जात. एकदा छतापाशी मिथेन साचलेल्या बोगद्यात त्यांनी मुलाला, म्हणजे छोट्या जॅकला, उभं राहून नाटकातलं एक लांबलचक भाषण म्हणायला लावलं. थोड्या वेळात पोराला धाप लागली, पाय गेले आणि तो खाली पडला. खाली पडल्यावर त्याला पुन्हा नीट श्वास घेता येऊ लागला, कारण मिथेन हलका, तो वरच राहतो. आजच्या पालकांनी हे वाचलं तर पोलिसात तक्रार करतील! पण कुठला वायू वर आणि कुठला खाली, हे ते पोरगं जन्मात विसरलं नाही. आम्हाला हे वर्गात शिकवलं होतं का? शिकवलं असेल. पण पाठ करणं निराळं आणि अंगात भिनणं निराळं.

१९०५ साली हाल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी एक मूलभूत गोष्ट दाखवून दिली. आपला श्वास किती जोरात चालायचा, हे मुख्यतः ठरतं रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, ऑक्सिजनवरून नाही. वरवर पाहता हा निव्वळ वैद्यकीय सिद्धांत. पण मुखवटा डिझाइन करणाऱ्यासाठी यात फार मोठी गोम आहे. मुखवट्याच्या आत रिकामी जागा जास्त राहिली, तर आपलाच सोडलेला श्वास आपण पुन्हा आत घेतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि माणूस गुदमरतो. वायू अडवणारा पण श्वास कोंडणारा मुखवटा काय कामाचा? घाबरलेला माणूस तो ओढून काढणारच.

याच सुमारास नौदलानं त्यांना पाणबुड्यांच्या अडचणीत हात घालायला सांगितलं. तेव्हाचे पाणबुडे तांब्याचं शिरस्त्राण आणि रबरी कापडाचा सूट घालून उतरत. वरून पंपानं हवा सोडली जाई. खोल गेलं की त्यांना इतकी धाप लागे, की कामच होत नसे. हाल्डेन यांनी शिरस्त्राणातली हवा तपासली. खोलवर दाबामुळे पंप गळत होते, हवा पुरत नव्हती आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत होता. किती खोलीवर किती हवा सोडायची, याचं गणित त्यांनी बसवलं. मग शेळ्यांवर दाबाच्या टाकीत प्रयोग करून, पाणबुड्यानं वर येताना टप्प्याटप्प्यानं कुठे आणि किती थांबायचं, याची कोष्टकं १९०८ साली प्रसिद्ध केली. जगभरचे पाणबुडे पुढे कितीतरी वर्षं त्या कोष्टकांवर विसंबून राहिले.

या चाचण्यांच्या वेळी, १९०६ साली, तेरा वर्षांच्या जॅकनंही सूट घालून समुद्रात बुडी मारली. सूट मोठ्या माणसाच्या मापाचा होता, मनगटापाशी सैल पडला. पाणी आत शिरायला लागलं आणि वर खेचेपर्यंत सूट बराचसा भरला होता. पोरगं शाबूत वर आलं, एवढंच. सूट कितीही भारी असो, तो अंगाला बसला नाही तर निरुपयोगी. आमच्या ट्रेनिंगमध्ये स्टोअरमधून सगळ्यांना एकाच मापाचे ग्लोव्हज मिळाले होते, त्याची मला इथं आठवण झाली.

आणखी एक काम, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणी खोल, गरम आणि दमट. तिथं काम करणारी माणसं किती उष्णता सोसू शकतात, हे हाल्डेन यांनी मोजलं. १९०५ साली त्यांनी दाखवलं, की साध्या थर्मामीटरचा आकडा फसवा असतो. खरा आकडा ओल्या थर्मामीटरचा, म्हणजे आपल्या थर्मल लॅबमधल्या वेट बल्ब टेंपरेचरचा. हवा स्थिर असेल आणि वेट बल्ब साधारण ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर उघड्या अंगानं स्वस्थ बसलेल्या माणसाचंही शरीर तापायला लागतं, कारण घाम वाळतच नाही. काम करणाऱ्या माणसाची मर्यादा त्याहून बरीच खाली.

आता विचार करा. हवाबंद सूटमध्ये काय होतं? वायू आत येत नाही, तसा घामही बाहेर जात नाही. थोड्याच वेळात सूटमधली हवा वाफेनं भरून जाते. २०२० साली पीपीई किट हा शब्द शेंबड्या पोरालाही पाठ झाला. त्या किटमध्ये आठ-आठ तास घामानं निथळत उभ्या राहिलेल्या नर्स आणि डॉक्टरांना विचारा. बाहेरचं विष अडवताना आत माणूस शिजता कामा नये, हा सूट बनवणाऱ्याचा कायमचा पेच. त्याचं मूळ गणित हाल्डेन यांनी मांडून ठेवलं होतं.

आणि मग १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्यानं हजारो नळकांड्यांतून क्लोरीन सोडला. ही योजना फ्रिट्झ हाबर यांची, अमोनियाच्या हाबर प्रोसेसचे तेच हाबर! हिरवट-पिवळा ढग जमिनीलगत सरकत आला आणि खंदकांत उतरला. शेकड्यानं माणसं गुदमरून मेली. लॉर्ड किचनर यांनी ताबडतोब हाल्डेन यांना फ्रान्सला धाडलं. काही दिवसांतच ते आघाडीमागच्या इस्पितळांत हजर होते. तडफडणारे सैनिक बघितले, मृतांची फुप्फुसं तपासली आणि वायू क्लोरीनच असल्याचं नक्की केलं.

इकडे इंग्लंडमध्ये घरोघरच्या बायकांना कापसाच्या पट्ट्या शिवून पाठवण्याचं आवाहन झालं होतं. बायकांनी रात्रंदिवस पट्ट्या शिवल्या. भावना चांगली, पण वस्तू घातक. कापूस कोरडा असला तर वायू सरळ आत येतो, ओला केला तर श्वासच अडतो. माझा रुमाल आठवतोय ना? तीच गत. हाल्डेन यांनी या पट्ट्यांना सपशेल विरोध केला.

मग खरी लढाई सुरू झाली ती ऑक्सफर्डच्या त्यांच्या घरातल्या प्रयोगशाळेत. बंद खोलीत वायू सोडायचा, वेगवेगळी रसायनं लावलेले मुखवटे घालून आत बसायचं आणि किती वेळ तग धरता येतो ते बघायचं. वय ५५. खोकून खोकून जीव नकोसा व्हायचा, तरी पुन्हा आत. मे १९१५ मध्ये फ्रान्समध्येही चाचण्या झाल्या. त्यासाठी आघाडीवर लढणाऱ्या मुलाला, जॅकला, बोलावून घेतलं. क्लोरीन भरलेल्या खोलीत मुखवटा घालून आणि मुखवट्याशिवाय चाक फिरवत राहायचं, असा तो प्रयोग. जॅक तिथून थेट आपल्या पलटणीत परतला तो धापा टाकतच, आणि लगेच लढाईत जखमी झाला.

या खटाटोपातून पहिला उपयोगी मुखवटा आला. फोटोवाले वापरतात तो हायपो, धुण्याचा सोडा आणि ग्लिसरीन यांच्या द्रावणात भिजवलेला कापसाचा पॅड, काळ्या जाळीच्या कापडात बांधलेला. हायपो क्लोरीनशी संयोग पावून त्याला निकामी करतो, आणि ग्लिसरीन पॅडला ओलसर ठेवतं. म्हणजे मुद्दा पाण्याचा नव्हताच, रसायनाचा होता. मग क्लूनी मॅकफर्सन यांचं डोक्यावरून ओढायचं हेल्मेट आलं. पुढे १९१६ साली एडवर्ड हॅरिसन यांच्या चमूनं कोळसा आणि सोडा-लाइमची पेटी छातीशी अडकवून नळीनं मुखवट्याला जोडली. आजच्या कॅनिस्टर मास्कचा हा सरळ पूर्वज. हे हॅरिसनही स्वतःवरच चाचण्या घेत. नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्ध संपायला आठवडा उरला असताना, न्यूमोनियानं ते गेले.

या काळात हाल्डेन यांना मिळालेला मानसन्मान विचाराल तर काय सांगू! भाऊ रिचर्ड जर्मनीत शिकलेले, म्हणून वृत्तपत्रांनी त्यांना जर्मनधार्जिणे ठरवलं आणि मे १९१५ मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. आडनाव एकच असल्यामुळे त्याची झळ जॉन यांनाही बसली. एकीकडे देशाच्या सैनिकांसाठी विष हुंगायचं आणि दुसरीकडे देशद्रोहाचे टोमणे ऐकायचे. तरी त्यांनी काम सोडलं नाही. वायूनं फुप्फुसं भाजलेल्या सैनिकांना मोजून-मापून ऑक्सिजन देण्याचं उपकरण त्यांनी बनवलं. आज दवाखान्यात खाटेशेजारी जो ऑक्सिजन लावतात, त्या पद्धतीचा पाया तिथला.

जुलै १९१७ मध्ये मोहरीवायू आला, म्हणजे मस्टर्ड गॅस. हा नुसता श्वासातून जात नाही. कपड्यांतून झिरपतो, कातडीला फोड आणतो, डोळे घालवतो. उत्तम मुखवटा घातलेला सैनिकही काही तासांनी भाजल्यासारखा व्हायचा. तेव्हा कळलं, की केवळ नाक-तोंड झाकून भागत नाही, सगळं अंग झाकायला हवं. तेल लावून जलरोधक केलेल्या कापडाचे सूट, हातमोजे आणि बूट आले. आजच्या केमिकल सूटची वाट इथून निघते.

आज या सूटच्या चार पातळ्या मानतात. 'ए' म्हणजे संपूर्ण हवाबंद सूट, आत पाठीवर हवेचं सिलेंडर. 'बी' म्हणजे सिलेंडर तेच, पण सूट शिंतोड्यांपासून वाचवणारा. 'सी' म्हणजे सूट आणि फिल्टरचा मुखवटा. 'डी' म्हणजे साधा कामाचा पोशाख. सूटचं कापड ब्युटाइल रबर, निओप्रीन, व्हिटॉन किंवा अनेक थर चिकटवलेल्या प्लॅस्टिकचं असतं. कुठलंही कापड सगळ्या रसायनांना पुरत नाही. अमुक रसायन अमुक कापडातून किती मिनिटांत पार होतं, तो आकडा बघूनच सूट निवडायचा. आणि फिल्टरचा मुखवटा फक्त हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांहून कमी असेल तर फिल्टर घालून आत जाणं म्हणजे आत्महत्या. सिलेंडरचं गणितही सोपं आहे. ६ लिटरचं सिलेंडर, ३०० बार दाब, म्हणजे सुमारे १८०० लिटर हवा. कष्टाचं काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेतो असं धरलं, तर जेमतेम ४५ मिनिटं. त्यातूनही परतीसाठी हवा राखून ठेवायची.

युद्धानंतर हाल्डेन पुन्हा आपल्या खाणींकडे वळले. खाण संशोधनाच्या प्रयोगशाळेचे ते संचालक होते. ती आधी डॉनकास्टरला होती, १९२१ पासून बर्मिंगहॅमला. वय साठीच्या पुढे, तरी खाणीत रांगत जायचं सोडलं नाही. खाणमजुरांमध्ये त्यांना फार मान होता. सीब गॉर्मन कंपनीच्या रॉबर्ट डेव्हिस यांच्याबरोबर त्यांनी पाणबुड्याच्या सूटवरून अतिउंचीसाठी दाबाचा सूट तयार केला. १९३३ साली त्याची चाचणी झाली. १९३४ साली त्यांना रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. नोबेल मात्र मिळालं नाही.

७५ व्या वर्षी माणूस काय करतो? नातवंडं खेळवतो. हाल्डेन इराण आणि इराकला गेले, तेलाच्या कारखान्यांत उष्माघातानं कोसळणाऱ्या कामगारांचा अभ्यास करायला! तिथून परतले आणि न्यूमोनियानं आजारी पडले. १४ मार्च १९३६ च्या मध्यरात्रीच्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्क्वाड्रन लीडर स्वेन हा वैमानिक त्यांच्या पद्धतीचा सूट घालून १५ किलोमीटरहून जास्त उंचीवर जाऊन आला. ते बघायला हाल्डेन नव्हते.

आणि तो जॅक? तो म्हणजे विख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ साली ते भारतात आले, १९६१ साली भारताचे नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारले. देह त्यांनी काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. बापानं जिवंतपणी देह प्रयोगाला लावला, लेकानं मेल्यावरही. घराणंच तसलं!

मित्रांनो, हे सगळं वाचून मी पुन्हा काकांकडे गेलो. त्यांना हाल्डेन माहीत नव्हते. पण हाल्डेन यांना जे सिद्ध करायला आयुष्य लागलं, त्याचं सार त्यांना अनुभवानं कळलं होतं. मग मी कायदा चाळला. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ३६ सांगत होतं, की विषारी वायूची शक्यता असलेल्या टाकीत, खड्ड्यात माणसाला उतरवायचं असेल तर आधी जाणकार व्यक्तीनं हवा तपासून तसा लेखी दाखला द्यायला हवा. नाहीतर माणसाला योग्य श्वसनयंत्र द्यायला हवं, कमरेला पट्टा आणि दोर हवा, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख झाली. म्हणजे ज्ञान १८९५ पासून आहे, कायदा १९४८ पासून आहे, सूट बाजारात मिळतो. तरी माणसं टॉवेल गुंडाळून उतरतायत आणि भरपाईची रक्कम वाढतेय.

दोन वर्षांनी आपल्यातले बरेच जण इथंच चाकण-भोसरीच्या पट्ट्यात इंजिनिअर म्हणून लागतील. कधीतरी एखादा पंप बंद पडेल, वरून फोन येईल, लाइन लवकर चालू करा म्हणून. ठेकेदाराचा पोरगा शिडीपाशी उभा असेल, आणि वर्क परमिटच्या कागदावर सही आपली लागेल. तेव्हा हवा मोजली का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. सूट असला तरी तो शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे माणसाला आत उतरावंच लागणार नाही, अशी टाकी बनवणं. आणि ते काम डॉक्टरांचं नाही, आपलं आहे.

तो पोरगा आता बरा आहे. परवा आकुर्डी स्टेशनवर लोकलची वाट बघताना भेटला. दुसऱ्या ठेकेदाराकडे लागलाय म्हणाला. काम काय, विचारलं. तर टाक्या साफ करायचंच. गाडी यायला दहा मिनिटं होती. तेवढ्या वेळात मी त्याला दोर, डिटेक्टर आणि सिलेंडर हे तीन शब्द पाठ करायला लावले. ते मागायची हिंमत त्याला होईल का, मला माहीत नाही. म्हणून तर हा लेख तुमच्यासाठी लिहिला.

– टी.ई. मेकॅनिकल